‘ध’चा ‘मा’ तसाच राहिला

राघोबादादांच्या पत्रात ‘धरावे’ असं होतं, आनंदीबाईंनी त्यातल्या ‘ध’चा ‘मा’ केला आणि १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. इतिहासाच्या कसोटीला ती किती उतरते हे अभ्यासकांनी ठरवावं. पण एका अक्षरानं माणूस मरू शकतो, ही गोष्ट तिनं मराठी मनात कायमची रुजवली.

आपल्या रक्तात ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. आईकडून सुमारे तीनशे कोटी आणि बापाकडून तेवढीच अक्षरं घेऊन आपण जन्माला येतो. वर्णमाला चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. अकराव्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनचा एक धडा आहे. त्याच्या सुरुवातीलाच एका जागी ‘जीएजी’ असायला हवं, तिथं काही माणसांत ‘जीटीजी’ असतं. ‘ए’चा ‘टी’ झालेला असतो. हा ‘टी’ आईबापांपैकी एकाकडूनच आला तर माणूस ‘वाहक’ ठरतो आणि बहुतेक वेळा आयुष्यभर धडधाकट राहतो. दोघांकडूनही आला तर सिकलसेलचा रुग्ण.

चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, नंदुरबार या भागांत हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ‘सिकल’ म्हणजे विळा हे ठाऊक नसलेली आजीसुद्धा ‘आमच्या नातवाला सिकलसेल हाय’ म्हणून सांगते. तान्ह्या बाळाच्या हातापायांची बोटं सुजतात. पुढे सांध्यांत, पाठीत, छातीत अशी कळ येते की धट्टाकट्टा पोरगा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडतो. डोळे पिवळे दिसतात, रक्त कमी पडतं, साधा ताप न्यूमोनियावर जातो. शाळा बुडते, मजुरी बुडते. आणि बाहेरून पाहणाऱ्याला दिसण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे ‘ढोंग करतोय’ हेही ऐकून घ्यावं लागतं.

या आजाराची वैद्यकातली पहिली नोंद १९१० सालची, अमेरिकेतल्या शिकागोची. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकायला आलेला एक तरुण आजारी पडला. त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर नेहमीच्या गोल, मधे दबलेल्या तांबड्या पेशींमध्ये काही लांबट, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी दिसल्या. डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ते प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. असं का होतं हे त्यांना सांगता आलं नाही.

त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षं जावी लागली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात सोडलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं सरकली. याचा अर्थ आजार थेट रेणूतच होता! एखादा रोग एका रेणूच्या घडणीत सापडण्याची ही पहिलीच वेळ. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅम यांनी हिमोग्लोबिनचे छोटे छोटे तुकडे केले आणि ते गाळणकागदावर पसरवले. दोन्ही कागदांवर ठिपक्यांची नक्षी उमटली, आणि ती हुबेहूब सारखी होती; फक्त एक ठिपका जागचा हलला होता. त्या ठिपक्यात शोध घेतल्यावर कळलं की १४६ मणी ओवलेल्या माळेत सहाव्या जागी ग्लुटॅमिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं आहे. बाकी १४५ मणी तेच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. एका माणसाची पंचवीस वर्षांची वेदना, आणि तिचं मूळ कागदावर सरकलेल्या एका ठिपक्यात.

आज आपल्या गावोगावच्या शिबिरांत हीच विद्या वापरात आहे. आधी होते ती सोल्युबिलिटी चाचणी. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त एका द्रावणात टाकायचं. ते द्रावण रक्तातला ऑक्सिजन काढून घेतं. मग नळीच्या मागे रेघा आखलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर नमुना पुढे इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. म्हणजे पॉलिंग यांनी केली तीच परीक्षा: विजेच्या प्रवाहात कोण किती सरकतं ते पाहायचं. ज्या तत्त्वावर जगातला पहिला ‘रेणूचा आजार’ सापडला, त्याच तत्त्वावर आज जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत गावातल्या पोरींचे नमुने तपासले जातात.

पण एक मणी बदलल्यानं पेशीचा विळा का व्हावा? जुन्या मण्यावर विजेचा भार होता आणि त्याचं पाण्याशी सख्य होतं. नवा मणी तेलकट वृत्तीचा. तो पाण्यापासून दूर पळतो. हिमोग्लोबिन फुप्फुसात ऑक्सिजन घेतं तेव्हा काही बिघडत नाही. ते ऑक्सिजन सोडतं तेव्हा त्याचा आकार किंचित बदलतो आणि शेजारच्या रेणूवर एक छोटा तेलकट खळगा उघडा पडतो. हा नवा मणी नेमका त्या खळग्यात जाऊन बसतो. त्या रेणूचा मणी तिसऱ्याच्या खळग्यात. बघता बघता साखळी होते आणि चौदा साखळ्या पिळून एक दोर तयार होतो. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सत्तावीस कोटींच्या आसपास रेणू असतात. असे दोर आतून ताणले गेले की मऊ, लवचीक पेशी ताठ होते, वाकते, आणि केसाहून कितीतरी बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. मागे गर्दी होते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. रुग्णाची कळ ती हीच.

दोर वळायला काही क्षण लागतात. पेशी तेवढ्यात बारीक वाहिनीतून निसटली आणि फुप्फुसाकडे परतली तर दोर पुन्हा सुटतो. हे क्षण किती मिळणार, हे पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाटीनं बसलं आहे यावर ठरतं. दाटी जराशी वाढली की वेळ झपाट्यानं कमी होतो. उन्हात राबताना पाणी कमी प्यायलं की कळ का येते, याचं उत्तर इथं आहे. आशाताई घरी येऊन ‘पाणी भरपूर पीत जा’ म्हणतात ते साधं वाटतं, पण त्या सांगण्यामागे एवढं मोठं रसायनशास्त्र उभं आहे. वारंवार वळून सुटून पेशी शेवटी थकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या पेशी दहावीस दिवसांत फुटतात.

इतकं वाईट अक्षर पिढ्यानपिढ्या टिकलं कसं? मलेरियामुळे. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कामातून दाखवून दिलं की एकच ‘टी’ असलेल्या वाहकांना गंभीर मलेरियापासून मोठं संरक्षण मिळतं. म्हणजे डासांच्या जंगलात हे अक्षर कित्येक लेकरांचे प्राण वाचवत आलं, आणि त्याची किंमत दोन ‘टी’ घेऊन जन्मलेल्या लेकरांनी मोजली. गडचिरोली हा आजही राज्यातला मलेरियाचा जिल्हा आहे, हे इथं आठवल्याशिवाय राहत नाही. या आजाराला कुणी पाप, शाप किंवा कुळाचा दोष म्हणू लागलं की मला ॲलिसन यांचं हे काम त्यांच्यापुढे ठेवावंसं वाटतं.

आता माझ्या मते या सगळ्या कथेतली सर्वांत नवलाची गोष्ट.

१९४८ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की दोन्ही ‘टी’ घेऊन जन्मलेली बाळं सुरुवातीला ठणठणीत असतात. त्यांच्या पेशी फारशा वाकत नाहीत. त्रास सुरू होतो तो काही महिन्यांनी. चूक तर गर्भापासूनच लिहिलेली आहे; मग बाळाला इतके दिवस कोण सांभाळतं?

त्याला सांभाळतं गर्भातलं हिमोग्लोबिन. पोटातल्या बाळाला हवा नसते; त्याला वारेतून, आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यावा लागतो. म्हणून त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजनला घट्ट धरणारं. त्याचा धडा वेगळा आहे आणि त्या धड्यात ती चूक नाही. शिवाय ते दोरात सामील होत नाही. साखळीत मधेच ते आलं की साखळी तिथं तुटते. जन्मानंतर त्याची गरज सरते आणि शरीर हळूहळू तो धडा बंद करून मोठ्यांचा धडा उघडतं. सहाएक महिन्यांत बदल बराचसा झालेला असतो. आणि तिथूनच बोटं सुजायला लागतात.

हे धडे गुणसूत्रावर कसे मांडले आहेत ते पाहावं. पहिला भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांचा, मग गर्भाचे दोन, आणि शेवटी मोठ्या माणसाचे. आयुष्यात ज्या क्रमानं ते वापरले जातात त्याच क्रमानं ओळीत. वापरून झालेला धडा फाडून टाकलेला नसतो. तो पान दुमडून ठेवल्यासारखा तिथंच असतो. तुमच्या-माझ्या हाडांच्या मगजात, ऐंशी वर्षांच्या आजोबांच्याही, आईच्या पोटात असतानाचं ते पान शाबूत आहे.

काही माणसांत ते पान जन्मानंतरही उघडंच राहतं. त्यांना त्याचा काही त्रास होत नाही. आणि अशा माणसाच्या वाट्याला सिकलसेल आला तरी त्याचा आजार अगदी सौम्य राहतो, कधी जाणवतही नाही. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त आढळतं, ओडिशातल्या पाहण्यांतून हे १९८० च्या दशकात पुढे आलं. त्यामुळे भारतातला आजार सरसकट सौम्य असतो असा एक समज पसरला. विदर्भातल्या वॉर्डांत रात्रभर कण्हणारी मुलं पाहिलेल्या डॉक्टरांना विचारलं तर ते या समजाशी सहमत होणार नाहीत.

मग पान दुमडून ठेवतं कोण? हे कोडं सुटायला २००७-०८ साल उजाडलं. लंडनमध्ये स्वी ले थेन यांच्या गटानं आणि सार्डिनिया बेटावरच्या संशोधकांनी हजारो माणसांचं जनुकीय लिखाण ताडून पाहिलं. ज्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं जास्त उरलं आहे, त्यांच्यात वेगळं काय आहे? बोट जाऊन टेकलं ते दुसऱ्या गुणसूत्रावर, बीसीएल११ए नावाच्या जनुकावर. रक्ताशी त्याचा असा काही संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बोस्टनमध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेत विजय शंकरन या तरुण संशोधकानं दाखवलं की पान दाबून ठेवणारा हात तोच आहे. तो हात बाजूला केला की पान उघडतं. २०११ मध्ये सिकलसेल झालेल्या उंदरांवर हे करून पाहिलं आणि उंदीर बरे झाले. थेन आणि ऑर्किन यांना याबद्दल २०२४ चं शॉ पारितोषिक मिळालं.

पण हा हात छाटून टाकता येत नाही. मेंदूच्या वाढीला तो लागतो, प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही लागतो. इथं निसर्गानंच एक फट ठेवलेली सापडली. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांना या जनुकाच्या आतच एक छोटी जागा मिळाली, दिव्याच्या बटणासारखी, जी फक्त तांबड्या पेशींच्या वंशातच चालते. तेवढं बटण मोडलं की रक्तात बीसीएल११ए मंदावतं. मेंदूला पत्ताही लागत नाही.

बटण मोडायची कात्री जिवाणूंनी दिली. स्पेनमध्ये आलिकान्तेजवळच्या मिठागरांतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करताना फ्रान्सिस्को मोहिका यांना १९९० च्या दशकात त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येणाऱ्या विचित्र ओळी दिसल्या; त्यांनाच पुढे ‘क्रिस्पर’ हे नाव पडलं. पुढे उमगलं की त्या ओळींच्या मधे जपून ठेवलेले तुकडे विषाणूंचे आहेत: पूर्वी हल्ला केलेल्या शत्रूची ओळख, तो पुन्हा आला तर त्याला कापून काढण्यासाठी. २००७ मध्ये दही आणि चीजसाठी विरजण तयार करणाऱ्या एका कंपनीतल्या संशोधकांनी, दही लावणाऱ्या जिवाणूवरच प्रयोग करून हे सिद्ध केलं. २०१२ मध्ये एमान्युएल शार्पांतिये आणि जेनिफर डाउडना यांनी घसा धरणाऱ्या एका जिवाणूची ही कात्री हवी तिथं वळवून दाखवली. वीसेक अक्षरांचा पत्ता द्यायचा. ती तो शोधून बरोबर तिथंच कापते. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मिठागर, विरजण आणि घसादुखी एकत्र येऊन रक्ताच्या आजाराचं औषध घडेल असं कोणत्या योजनेत लिहिता आलं असतं?

जुलै २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या, चार मुलांची आई असलेल्या चौतीस वर्षांच्या बाईवर हा प्रयोग झाला. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी तिच्या शरीरातून बाहेर काढल्या, प्रयोगशाळेत त्यांच्यातलं बटण कापलं आणि तिच्या तिला परत दिल्या. तिचं हॉस्पिटलात भरती होणं थांबलं. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटननं आणि ८ डिसेंबरला अमेरिकेनं या उपचाराला परवानगी दिली. क्रिस्परच्या कात्रीवर आधारलेला जगातला हा पहिला मंजूर उपचार, नाव कॅसजेव्ही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांसमोर आलेल्या आकड्यांत ३१ पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर एकही तीव्र कळ आली नव्हती.

या उपचारानं ती चूक दुरुस्त केलेली नाही, आणि मला भारावून टाकतं ते हेच. ‘ए’चा झालेला ‘टी’ त्या बाईच्या प्रत्येक पेशीत आजही आहे. ‘मा’चा परत ‘ध’ कुणी केला नाही. तिच्या आईच्या पोटात तिला ज्यानं सांभाळलं होतं, ते पान तेवढं पुन्हा उघडून दिलं.

मंजुरीच्या वेळी किंमत होती बावीस लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे अठरा-एकोणीस कोटी रुपये. त्याहून वेगळी एक किंमत शरीराला मोजावी लागते. नव्या पेशींना हाडांत जागा करून देण्यासाठी जुन्या पेशी बुसल्फान नावाच्या कडक औषधानं मारून टाकाव्या लागतात. केस जातात, तोंड सोलवटतं, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते, महिनाभर आणि त्याहून जास्त काळ निर्जंतुक खोलीत राहावं लागतं. नंदुरबारमधल्या धडगावच्या पाड्यावरून आलेल्या माणसाला हे कसं परवडणार, हा प्रश्न टाळून या शोधाचं कौतुक करणं मला जमत नाही.

वाटा मात्र शोधल्या जात आहेत. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटानं वेगळ्या जिवाणूपासून स्वतःची कात्री घडवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्यावर आधारलेला स्वदेशी सिकलसेल उपचार ‘बिरसा १०१’ या नावानं जाहीर झाला. बिरसा मुंडांच्या जन्माचं ते दीडशेवं वर्ष. तो पुढे नेण्यासाठी संस्थेनं पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी हात मिळवला आहे. दुसरी वाट म्हणजे पेशी बाहेर काढायच्याच नाहीत, दुरुस्तीची अवजारं चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून थेट रक्तात सोडायची. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात यकृताचा दुर्मीळ आजार घेऊन जन्मलेल्या एका बाळासाठी असं औषध अवघ्या सहा महिन्यांत बनवलं गेलं, जगात फक्त त्या एका बाळासाठी. यकृत या थेंबांना सहज सापडतं. हाडांचा मगज अजून तितका सहज सापडत नाही. तो सापडला तर बुसल्फानची गरज उरणार नाही.

तोवर हाताशी आहे ते हायड्रॉक्सियुरिया, एक साधी कॅप्सूल. हे रसायन पहिल्यांदा तयार झालं १८६९ मध्ये, जर्मनीत. ते वापरलं गेलं रक्ताच्या कर्करोगासाठी. आणि १९९५ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं की सिकलसेलच्या कळा त्यानं जवळपास निम्म्यावर येतात. कारण तेच: गर्भातलं हिमोग्लोबिन थोडं वाढतं. पान पूर्ण उघडत नाही, त्याचा कोपरा तेवढा वर उचलला जातो. अठरा कोटींचा उपचार आणि ही स्वस्त कॅप्सूल, दोघांचा रोख एकाच पानाकडे आहे. ही कॅप्सूल प्रत्येक रुग्णापर्यंत नियमित पोचणं मला आजच्या घडीला कात्रीइतकंच मोलाचं वाटतं.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. लग्न जमवताना दोघांची तपासणीची कार्डं ताडून पाहा, असं त्यात सांगितलं जातं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक. पहिलं मूल रुग्ण झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब बरीच घरं करतात. तो चुकीचा आहे. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्यानं टाकल्या जातात.

नागपुरात नवजात बाळांची तपासणी करून पाहिली गेली आहे. टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्ताच्या पट्टीवर रुग्ण बाळाचं चित्र असं उमटतं: गर्भातल्या हिमोग्लोबिनचा जाड, ठळक पट्टा, आणि त्याच्या पलीकडे बिघडलेल्या हिमोग्लोबिनची फिकट रेघ. निरोगी हिमोग्लोबिनची रेघ नसतेच. दोन महिन्यांचं झाल्यापासून त्याला रोज दोनदा पेनिसिलिन द्यायचं, लसी वेळेवर टोचायच्या, आणि प्लीहा फुगली आहे का ते पोटावर हात ठेवून कसं पाहायचं हे आईला शिकवायचं. तो ठळक पट्टा पुसट व्हायला अजून काही महिने आहेत. बाळ आत्ता दूध पिऊन झोपलं आहे आणि त्याची बोटं आईच्या पदरात घट्ट मिटलेली आहेत.